बुलेटचा पुढचा शॉकअप: दोन महिन्यांत तिसरं ऑइल सील, तरी गळती चालूच

कऱ्हाडकर८४

गाडी बुलेट ३५० स्टँडर्ड, १९८४ची. आबांची. आबा साखर कारखान्यात चिटबॉय होते, उसाच्या नोंदी घेत आसपासची सगळी गावं त्यांनी याच गाडीवर पालथी घातली. पाणंदीतला चिखल हिच्या पुढच्या चाकाने जितका खाल्लाय तितका आमच्या बैलगाडीनेही खाल्ला नसेल. आबा गेल्यावर सहा वर्षं गाडी गोठ्याच्या आडोशाला ताडपत्रीखाली उभी होती. गेल्या दिवाळीत बाहेर काढली. इंजिन उघडून झालं, वायरिंग नवं झालं. आता घोडं अडलंय पुढच्या शॉकअपवर.

डावा शॉकअप गळतो. पहिल्यांदा सील बदललं ते पंधरा दिवस टिकलं, दुसऱ्यांदा आठ. तिसरं बसवून चार दिवस झाले आणि आज सकाळी पुन्हा ओघळ खाली हबपर्यंत आलेला. ब्रेकचे लायनर तेलाने भिजले तर गाडी थांबणार कशी, ही धास्ती आहे. शिवाय पुढचा ब्रेक दाबला की हँडलपाशी ‘टक्’ असा आवाज येतो, आणि हँडल सरळ रेषेत आलं की तिथे खाच असल्यासारखं किंचित अडकतं.

मेस्त्री म्हणतो, ‘सीलं डुप्लिकेट येतात हल्ली, काय करणार? पुढचा सगळा संचच नवा टाका.’ त्याने गाडी पुढे बसते म्हणून थोडं जास्तीचं ऑइलही घातलंय. मला शक्यतो मूळचंच सामान ठेवायचंय. शनिवार-रविवार मोकळा असतो, हाताने काम करायची तयारी आहे. कुठून सुरुवात करू?

पेठेतला_बुलेटवाला

दादा, एवढा विचार कशाला? पुण्यात नाना पेठेत या, दोन पाइप, दोन बुश (पाइप ज्यात सरकतो त्या कड्या), दोन सीलं घ्या, एका दिवसात काम संपतं. मी माझ्या ८९च्या गाडीला तसंच केलं. मूळ सामान मूळ सामान करत बसलात तर आयुष्यभर गाडी स्टँडवरच राहील.

उद्यमनगरचा_टर्नर

कऱ्हाडकर, आधी माझं थोडं सांगतो म्हणजे मी कुठून बोलतोय ते कळेल. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात ३८ वर्षं लेथ आणि ग्राइंडरवर काढली. बुलेट-येझदीचे पाइप किती हाताखालून गेले त्याचा हिशेब नाही. आता गुडघे गेलेत, पोरगा बघतो दुकान.

तुमचं सील वाईट नाही. दार वाकडं असताना कडी बदलून काय होणार? सीलचं काम एवढंच की पाइपाला ओठ टेकवून बसायचं. पाइप गुळगुळीत, गोल आणि बुशाच्या मधोमध असेल तर स्वस्तातलं सीलसुद्धा वर्ष काढतं. या तिन्हींतलं एक जरी बिघडलं तरी महागडं सील चार दिवसांत हात टेकतं. तुमच्याकडे तिन्ही बिघडलं असणार असा मला वास येतोय.

गाडी सहा वर्षं एका जागी उभी होती म्हणालात. सीलच्या ओठाखाली, अगदी त्या रेघेत, दमट हवा आणि माती धरून राहते. तिथे पाइपाला गंजाचे खड्डे पडतात. डोळ्याला टिंबं दिसतात, सीलच्या रबराला ती किसणी असते. पाइपावरून अंगठ्याचं नख फिरवा. नख अडकलं तर विषय संपला. नख अडकत नसेल तर आणखी बारीक तपासणी सांगतो: घरातल्या जुन्या नायलॉनच्या साडीचा तुकडा पाइपाला गुंडाळून वर-खाली ओढा. जिथे धागा धरला जातो तिथे सीलही फाटणार. (साडी विचारून घ्या. मी एकदा विचारली नव्हती.)

दुसरं, ते जास्तीचं ऑइल. मेस्त्रीने हा मोठा घोळ घातलाय. गाडीचं वजन स्प्रिंग उचलते, ऑइल नाही. ऑइल फक्त स्प्रिंगची उसळी आवरतं. पुढून गाडी बसते म्हणून ऑइल वाढवलं की आत हवेला जागा उरत नाही. खड्ड्यात शॉकअप दबला की ती हवा दाबाने सुटायची वाट शोधते, आणि सर्वांत कमजोर वाट म्हणजे सील. या गाडीत मी दर बाजूला २०० मि.ली. घालतो, दोन्हींकडे तंतोतंत सारखं. औषधाच्या मापाने मोजा, ‘साधारण एवढं’ नको.

तिसरं, तो टक् आवाज. गाडी मधल्या स्टँडवर घ्या, इंजिनखाली लाकडाचा ठोकळा सरकवून पुढचं चाक अधांतरी करा. चाकाजवळ शॉकअपचे दोन्ही पाय धरून पुढे-मागे ढकला, आणि दुसऱ्या माणसाला हँडलच्या मानेच्या सांध्यावर बोट ठेवायला सांगा. सांधा हलला तर बॉल-रेस, म्हणजे मानेतल्या गोळ्या आणि त्यांच्या वाट्या, ढिल्या. मान गप्प आणि खालचा पाय पाइपावर हलला, तर बुश गेले. घाईत लोक दोन्हींची गल्लत करतात आणि मानेचा नट आवळत बसतात, मग हँडल जड होतं आणि आवाज आहे तिथेच राहतो. तुमची ती सरळ रेषेतली खाच म्हणजे मात्र बॉल-रेसच. वर्षानुवर्षं गाडी सरळ चालते, गोळ्या त्याच जागी ठोके खातात आणि वाट्यांमध्ये त्यांचे ठसे उमटतात.

उघडताना गोळ्या मोजा. पाव इंची गोळ्या, वर १९ आणि खाली १९, एकूण ३८. खाली जुनी चादर अंथरा, नाहीतर रात्रभर फरशीवर रांगत बसाल.

पेठेतल्या भावाला एकच सांगतो: नवे पाइप वाईटच असतात असं नाही. पण गेल्या वर्षी एकाने आणलेला नवाकोरा पाइप मी मायक्रोमीटरला लावला, तर एकाच जागी दोन दिशांना दोन मापं. म्हणजे पाइप गोलच नव्हता! चकाकत मात्र असा होता की त्यात बघून दाढी करावी. नवं घ्या, पण दुकानातच मोजून घ्या.

पेठेतला_बुलेटवाला

काका, पाचशे रुपयांच्या नंबर प्लेटसाठी घासाघीस करणारी आम्ही माणसं, दुकानात मायक्रोमीटर कुठून काढणार? बाकी गोळ्यांचं ऐकून दचकलो. माझ्या मेस्त्रीने मोजल्या असतील का, कुणास ठाऊक.

परदेशी_पाना

मूळचा साताऱ्याचा, सध्या बर्मिंगहॅमजवळ. ज्या रेडिचमध्ये ही गाडी जन्मली ते गाव इथून जवळच आहे, तिथला कारखाना केव्हाच गेला. कऱ्हाडकर, मद्रासमध्ये या गाडीची जुळणी १९५५पासून सुरू झाली तरी नट-बोल्ट विलायती मापाचेच राहिले, त्यामुळे तुमच्या ८४च्या गाडीवर १३ नंबरचा पाना जाणार नाही आणि १४चा घसरेल. कारण पाव इंच व्हिटवर्थचा (हे जुनं ब्रिटिश माप) नट १३.३ मि.मी. रुंद असतो. भारतात बहुतेक बुलेटांचे नट कोपरे गोल झालेले दिसतात ते याच १४ नंबरमुळे. व्हिटवर्थ मापाचे चार-पाच रिंग पाने मिळवा, जुन्या बाजारात मिळतात. चालू पान्याने एकही नट ढिला करू नका. टर्नर काकांच्या बाकी सगळ्याला अनुमोदन.

उद्यमनगरचा_टर्नर

अगदी बरोबर. हे मी सांगायला विसरलो, कारण माझ्या पेटीत तेच पाने आहेत आणि आता ते इंचाचे आहेत हेच ध्यानात राहत नाही.

आता उघडण्याचा क्रम. चाक काढा: ब्रेकची केबल सोडा, दोन्ही पायांखालच्या टोप्यांचे नट काढा, चाक खाली येतं. कुठली टोपी कुठल्या बाजूची आणि तिचं तोंड कुठे होतं ते खडूने लिहून ठेवा. मग मडगार्ड. मग पायाच्या तळाचा नट. तो फिरवताना आतला स्टड सोबत फिरू लागतो आणि माणूस वैतागतो. एकाने पाय खालून वर दाबून स्प्रिंगवर जोर ठेवायचा, दुसऱ्याने नट सोडायचा, स्टड गप्प बसतो. नटाखाली फायबरचा वॉशर असतो, तो जपा. खाली परात ठेवा, स्टडला लाकडी हातोडीने वर टकटक करा, ऑइल परातीत येईल. दोन्हींकडचं वेगवेगळं मोजा आणि मला सांगा.

सगळ्यात महत्त्वाचं: पाइप वरती हेडलाइटच्या त्या मोठ्या डोक्यात आट्यांनी बसलेला असतो, आणि ते डोकं ॲल्युमिनियमचं आहे. आधी खालच्या टी-चे (दोन्ही पाइप धरून ठेवणाऱ्या आडव्या तुकड्याचे) आवळण्याचे बोल्ट पूर्ण सोडा, मग पाइप फिरवा. टी न सोडता हातोडा घालणारे मी पाहिलेत. पाइपाचं तोंड फुगतं, डोक्याचे आटे जातात आणि मग खरोखरच नवा संच घ्यावा लागतो. पाइप निघत नसेल तर आट्यांपाशी गंज सोडवायचं तेल घाला आणि रात्रभर सोडून द्या. सकाळी सहसा निघतो.

कऱ्हाडकर८४

शनिवार-रविवार गेला. हाताच्या तीन बोटांची सालं गेली. ऐका.

ऑइल: डावीकडे २६०, उजवीकडे १९०. गळून गळून २६० उरलं होतं, म्हणजे मेस्त्रीने किती ओतलं असेल देव जाणे. रंग चहासारखा, खाली काळा गाळ.

गोळ्या: वर १८, खाली १७. त्या १७ पैकी एक अर्धी फुटलेली. वाटीवर ठसे इतके ठळक की नखाने मोजता येतात.

डावा पाइप: नख अडकलं. सीलच्या रेघेवर मोहरीएवढे खड्डे, एकाशेजारी एक. साडीपर्यंत जावंच लागलं नाही. उजव्यावर दोन-तीन टिंबं आहेत, तिथे साडीचा धागा धरतो. (आईने स्वतःहून दिली साडी.)

आणखी एक. आईच्या ड्रेसिंग टेबलची काच काढून दोन्ही पाइप त्यावर गडगडवले. उजवा गप्प गेला. डावा लंगडत गेला, खालून उजेड दिसत होता. वाक टी-च्या जरा खालीच आहे. आईला म्हटलं, तर ती म्हणाली, ‘सत्त्याण्णव साली तुझे आबा उसाच्या ट्रॉलीच्या फळक्याला धडकले होते की. गाडीला काही झालं नाही म्हणाले होते.’ म्हणजे आबा त्यानंतर कित्येक वर्षं वाकड्या पाइपावर हिंडत होते.

डाव्या पत्र्याच्या कव्हरच्या आत, टी-च्या खाली, वाळलेल्या चिखलाचा गोळा निघाला. फोडला तर आत उसाच्या पाचटाचा तुकडा, अख्खा, पिवळा.

आता पाइपाचं काय करू? फेकू का?

उद्यमनगरचा_टर्नर

फेकू नका. पण एक गोष्ट नीट बघा. वाकाच्या जागी सुरकुती, चीर किंवा चपटेपणा आहे का? बोट गोल फिरवा, भिंग लावा. असेल तर तो पाइप भंगार, त्यावर दया दाखवायची नाही. पुढचं चाक ज्यावर टेकतं त्या वस्तूशी खेळ नको. नुसता सौम्य बाक असेल तर थंड अवस्थेत प्रेसवर सरळ होतो. थंडच. कुणी गॅसचा टॉर्च काढला तर पाइप उचला आणि घरी या. लोखंड तापवून सरळ केलं की तिथलं बळ गेलं.

सरळ झाल्यावर व्ही-ब्लॉकवर, म्हणजे व्ही आकाराच्या खाचेच्या ठोकळ्यांवर, ठेवून डायल (उरलेला वाक काट्याने दाखवणारं मापयंत्र) लावून फिरवून दाखवायला सांगा. काटा स्वतः बघा. सरळ करणं क्रोमच्या आधी, नंतर नाही. क्रोमवर वाक काढला तर क्रोमला तडे जातात.

मग हार्ड क्रोम. इथे लोक फसतात. मडगार्ड, सायलेन्सर चमकवणारा जो क्रोम असतो तो वेगळा. त्याचा थर मायक्रॉनभरही (मिलिमीटरचा हजारावा भाग) नसतो, चमक निकेलची असते. तो पाइपावर चढवला तर महिन्यात पापुद्रे निघून सीलमध्ये अडकतील. तुम्हाला हवा हार्ड क्रोम. पाइपाची नेहमीची झीज भरायला २० ते ५० मायक्रॉनचा थर पुरतो. तुमच्या डाव्याचे खड्डे खोल आहेत, तिथे आधी खड्डे जाईपर्यंत ग्राइंड करावं लागेल, मग जास्त जाड थर चढवून परत ग्राइंड करून मूळ मापावर आणायचा. ‘चढवला आणि दिला’ असं कुणी म्हणालं तर समजा काम अर्धं झालंय. चढवलेला क्रोम कडेला फुगतो, ग्राइंडिंगशिवाय गोल होत नाही.

मूळ माप कुठून आणायचं? पुस्तक शोधू नका. पाइपाचा वरचा भाग, जिथे सील किंवा बुश कधीच पोचत नाही, तिथे मायक्रोमीटर लावा. तेच तुमचं माप, कंपनीने दिलेलं आणि चाळीस वर्षं कुणी हात न लावलेलं. क्रोमवाल्याला सांगा, वरचे आटे आणि टी-त आवळला जाणारा भाग झाकून ठेव. आट्यांवर क्रोम चढला तर ॲल्युमिनियमच्या डोक्यात बसणार नाही, आणि तुम्ही जोर लावणार, आणि आटे जाणार. हे अनुभवाचे बोल आहेत, दुसऱ्याच्या खर्चाने घेतलेल्या.

दोन्ही पाइप एकदमच करा. बुश दोन्ही बाजूंचे नवे. स्प्रिंगा शेजारी-शेजारी उभ्या करून उंची बघा, एक बुटकी निघाली तर दोन्ही बदला. बॉल-रेसच्या वाट्या, गोळ्या सगळं नवं. जुन्या ठशांवर नव्या गोळ्या घालणं म्हणजे पैसे पाण्यात.

सील बसवताना पाइपाच्या धारेवर ओठ कापतो. पाइपाच्या टोकावर दुधाची रिकामी पिशवी ताणून धरा, तिला तेल लावा, त्यावरून सील सरकवा आणि पिशवी ओढून काढा. आमच्याकडे यासाठी दुधाच्या पिशव्यांचा वेगळा खिळा होता.

चाक शेवटी. टोप्यांचे नट हाताने लावा, गाडी स्टँडवरून उतरवा, पुढचा ब्रेक धरून सात-आठ वेळा दाबा-सोडा, म्हणजे दोन्ही पाय आपापल्या जागी बसतील. मगच नट आवळा, पुढचा-मागचा थोडा थोडा, फट दोन्हीकडे सारखी राहील असा.

कऱ्हाडकर८४

एकवीस दिवसांनी लिहितोय.

पाइप घेऊन कोल्हापूरला गेलो. काका, तुमच्या दुकानात नाही गेलो, तुम्ही पत्ता दिलाच नाहीत. उद्यमनगरात विचारत विचारत एका ग्राइंडिंगवाल्याकडे पोचलो. सुरकुती नव्हती. प्रेसवर सरळ केला, डायलचा काटा मी स्वतः बघितला. त्याने विचारलं, कुणी पाठवलं? मी म्हटलं, नाव माहीत नाही, पण दुधाच्या पिशव्या खिळ्याला लावणारे आहेत. तो हसला आणि चहा मागवला. त्यामुळे पत्ता आता मला कळलाय.

क्रोमला नऊ दिवस लागले. आल्यावर साडी फिरवली, सरसर गेली. गोळ्या ३८, दोनदा मोजल्या, वर १९ खाली १९. हँडल आता एका बोटाने ढकललं तर टोकापर्यंत आपोआप पडतं, मध्ये कुठे थांबत नाही. ऑइल २०० आणि २००, मुलीच्या खोकल्याच्या औषधाच्या टोपणाने मोजलं. अर्धा तास गेला त्यात.

काल उंब्रजपर्यंत जाऊन आलो. ब्रेकला आवाज नाही. खड्ड्यात गाडी एकदा दबते, एकदा उठते आणि गप्प होते. डावा शॉकअप हाडासारखा कोरडा. पाचटाचा तुकडा परत कव्हरमध्ये ठेवून दिलाय, मेस्त्री असता तर वेड्यात काढलं असतं.

फक्त दोन बारीक गोष्टी. उजव्या पायाच्या अगदी तळाला सकाळी एक थेंब दिसला. आणि पेटीत एक लालसर वॉशर उरलाय, कुठला ते आठवत नाही.

उद्यमनगरचा_टर्नर

फायबरचा असेल, साधारण बोटातल्या अंगठीएवढा?

कऱ्हाडकर८४

हो.

उद्यमनगरचा_टर्नर

परात काढा. उजव्या तळाचा नट. आणि ऑइल परत २००च मोजा, टोपणाने.